लाख आणि लाखोळी

इस्तारी भोयर सावरटोल्याचा पाणकर होता. पाणकर म्हणजे गावच्या तलावाचं पाणी सोडणारा आणि अडवणारा माणूस. आरमोरीच्या पुढं जंगलाच्या कडेनं जी धानाची गावं आहेत, त्यांना प्रत्येकी एक तलाव असतो आणि तलावाला एक तुडूम. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून शेताकडं गेलेली दगडी नळी. तिचं तोंड तलावाच्या आत पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरतं. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात एक लाकडी डाट. तलाव भरलेला असला की वरचा डाट काढायचा, पाणी उतरलं की त्याच्या खालचा.

सावरटोल्याच्या तुडमाला पाच डाट होते. पहिले चार उभ्यानं निघत. पाचवा चौथ्यापेक्षा साडेतीन हात खाली, गाळात. त्याला बुडी मारावी लागे. पाण्याचा दाब डाटाला आत दाबत असतो, म्हणून दोन्ही पाय दगडाला टेकवून, कंबर ताठ करून तो ओढावा लागे. कामाला एक दम पुरत असे. ज्याला पुरत नसे तो दोनदा जाई. इस्तारी सतरा वर्षांत दोनदा गेला नव्हता.

पाणकराला मजुरी धानात मिळत नसे, लाखोळीत मिळे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिचं कारण सगळ्यांना पाठ होतं. धान कापायच्या पंधरा दिवस आधी उभ्या धानात, ओल्या मातीत लाखोळीचं बी फेकतात. नांगरणी नाही, निंदण नाही. धानानं पिऊन उरलेल्या ओलीवर ती येते. ओल राखली पाणकरानं, म्हणून उरल्या ओलीचं पीक पाणकराचं. ऐकायला न्याय वाटतो. धान ज्याच्या घरी जातो त्याला तो जास्त वाटतो.

लाखोळीची डाळ शिजल्यावर तुरीच्या डाळीसारखी दिसते. दाणा मात्र कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका अंगानं निमुळता. गावात सगळेच ती खात, कोणी वरणात, कोणी वड्यात. पण भाताबरोबर खात. इस्तारी आणि त्याची बायको मनकर्णा यांच्याकडं भाताऐवजी खात.

१९५५ साली रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाली आणि भादव्यात पाऊस थांबला. इस्तारीनं एकेक करून पाचही डाट काढले. तलाव संपला, धान तरी अर्धा वाळलाच. लाखोळीला त्याचं काही वाटलं नाही. ती आली आणि भरपूर आली. होळीपर्यंत मालकांच्या कोठ्यांत धान कमी आणि पाणकराच्या घरात लाखोळी जास्त, असं पहिल्यांदाच झालं. लोक म्हणाले, यंदा इस्तारीची चंगळ आहे. तलावात मासे राहिले नव्हते, मोहफुलं थोडी होती. सकाळी लाखोळीचं पिठलं, दुपारी लाखोळीची भाकर, संध्याकाळी लाखोळीचं वरण. मनकर्णा आधी नवऱ्याला वाढी आणि उरलं ते खाई. त्यामुळं तिच्या वाट्याला चंगळ कमी आली.

अक्षय तृतीयेच्या सुमारास इस्तारीच्या पोटऱ्या आखडू लागल्या. काही दिवसांनी टाच जमिनीला टेकेना. गुडघे एकमेकांना घासत आणि पाय कात्रीसारखा आडवा पडे. पाय दुखत नव्हते, सुजले नव्हते, बधिरही नव्हते. जोरही गेला नव्हता. फक्त ते वाकायचं मनावर घेत नव्हते. घरापासून तुडमापर्यंत पाळीवरून त्याची एकशे ऐंशी पावलं होत. ती आता तीनशेच्या वर गेली, आणि मधे दोनदा बसावं लागे.

शेजारच्या सुकलूनं त्याला पाळीवर गाठलं.

"इस्तारीभाऊ, नवरीवानी काऊन चालून राह्यले?"

"तुया दारावरून जा लागते," इस्तारी म्हणाला, "म्हनून लाजून राह्यलो."

सुकलू हसला. पुढच्या पंधरवड्यात सुकलूच्या भावाची, पत्रूची टाच उचलली. मग सुकलू हसायचा थांबला. पत्रूकडं शेत नव्हतं. तो ज्यांच्याकडं राबे, त्यांनीही त्याला त्या वर्षी लाखोळीच दिली होती. हे तेव्हा कोणी जोडून पाहिलं नाही.

पुजारी बुधूनं सांगितलं की, इस्तारीनं पाचवा डाट तलावाच्या देवीला न विचारता काढला. इस्तारी म्हणाला, धान वाळत होता, विचारायला वेळ नव्हता. तरी त्यानं कोंबडी दिली. कोंबडीचा गुण आला, पण तो बुधूला.

मृग लागायच्या आधी पंच बसले. मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती. तलाव सरकारचा झाला होता, पण सरकार अजून तो पाहायला आलं नव्हतं. त्यामुळं गावचे पाच पंचच तलावाचं बघत. त्यांचा म्होरक्या बापूजी. त्याच्या बांध्या तुडमाच्या शेताकडच्या टोकाशी होत्या. बांध्या म्हणजे धानाची खाचरं.

"पाहा इस्तारी," बापूजी म्हणाला, "वरचे डाट तू काढशीन. पन पाचवा? तो अडला तं सारा गाव अडते."

"पाचवा आश्विनात लागते, बापूजी. आता जेठ हाय."

"म्हनूनच आता सांगून राह्यलो. आश्विनात पाचवा तुयाच्यानं निघाला तं तू पाणकर. नाई निघाला तं झिंगू."

झिंगू तिथंच बसला होता. चोवीस वर्षांचा, दोन माणसांचा जोर असलेला. त्यानं मान खाली घातली, कारण इस्तारीनंच त्याला पोहायला शिकवलं होतं.

पाणकी गेली तर घर जाणार होतं. पाळीच्या पायथ्याची ती खोपडी पाणकराची, माणसाची नाही. शेत नव्हतं. आखडलेल्या पायांच्या मजुराला चिखलात कोण बोलावतं? इस्तारीनं हे सगळं मनात एकदाच मोजलं. पुन्हा मोजून आकडा बदलणार नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बैलगाडीतून डॉक्टर आले. ओगले त्यांचं नाव, मूळचे नाशिककडचे. बरोबर एक कारकून आणि छापील कागदांचा गठ्ठा. चांदा जिल्ह्यात कुठं कुठं माणसांचे पाय आखडतात, ते मोजायला त्यांना पाठवलं होतं. त्यांना कारणाचा अंदाज होता. त्यांच्या पुस्तकात ते लिहिलं होतं. कागदावरही छापलं होतं: "लाख खाण्यात आहे काय?"

नाशिककडं या डाळीला लाख म्हणतात. सावरटोल्यात लाख म्हणजे पळसाच्या फांदीवर किडा करतो ती. ती खरवडून लोक आरमोरीच्या व्यापाऱ्याला विकत. जंगल सरकारचं, परवाना कोणाकडंच नव्हता.

डॉक्टरांनी पहिल्याच घरी विचारलं, "लाख खाता का?"

"नाई साहेब."

"कधीच नाही? थोडी तरी?"

"आमी लाख पाह्यली बी नाई."

दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "लाख काय असते?" त्याच्या मागं भिंतीला लाखेनं भरलेली टोपली होती. तिसऱ्या घरापर्यंत बातमी पुढं गेली, की जंगलखात्याचा माणूस डॉक्टर होऊन आला आहे. दुपारपर्यंत त्रेचाळीस घरं झाली आणि त्रेचाळीस वेळा "नाही" लिहिलं गेलं. कारकून प्रत्येकावर शिक्का मारत गेला. पाय आखडलेले सात निघाले. पुस्तक चुकलं की गाव, हे डॉक्टरांना ठरवता येईना.

जेवायची सोय इस्तारीकडं झाली, कारण त्याचं घर शेवटचं होतं. मनकर्णानं दोन पानं मांडली. भाकरी, वरण, वर तेलात परतलेली मिरची. डॉक्टरांनी घास वरणात बुडवला आणि थांबले.

"ही कसली डाळ?"

"लाखोळी," मनकर्णा म्हणाली.

"लाखोळी म्हणजे काय?"

"म्हंजे लाखोळी."

"आणि ही भाकरी?"

"तिचीच."

डॉक्टरांनी कच्चे दाणे मागितले. तिनं मूठभर आणून पानाशेजारी ठेवले. त्यांनी एक दाणा उचलून उजेडात धरला.

"अहो, हीच तर लाख!"

इस्तारीनं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "लाख झाडाले असते, डॉक्टर. पळसाले. ही बांधीत होते."

"मग सकाळी सगळे नाही का म्हणाले?"

"तुमी लाख इचारली. लाखोळी कोनी इचारली?"

मग कारकून हळूच म्हणाला, "साहेब, ते त्रेचाळीस कागद?"

"फाडा."

"शिक्के मारलेत."

"मग खोडा आणि पुन्हा लिहा."

कारकुनानं आपलं पान हळूच पुढं सारलं. डॉक्टरांनी मात्र आपलं संपवलं. "एका जेवणानं काही होत नाही," असं ते म्हणाले, पण कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मनकर्णानं आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर त्यांनी इस्तारीला खाटेवर बसवलं आणि गुडघ्याखाली लहान हातोडी मारली. पाय ताडकन उडाला आणि कारकुनाच्या मांडीला लागला.

"मी नाई मारलं," इस्तारी म्हणाला.

"माहीत आहे. तोच तर रोग आहे." डॉक्टरांनी त्याचा तळवा वर दाबला, तसा पाय थडथड उडत राहिला, त्यांनी हात काढेपर्यंत. "या डाळीत एक विष आहे, इस्तारीभाऊ. ते पाठीच्या कण्यातल्या नसांना मारतं. मेंदूकडून पायाला दोन तऱ्हेचे निरोप येतात, ताण आणि सोड. तुमच्या पायाला 'सोड' पोचत नाही."

"कोनतं विष?"

"ते अजून कोणाला सापडलेलं नाही."

"आन् मारते कसं?"

"तेही नाही."

इस्तारीनं विचार केला. "म्हंजे डाट निघाला, आन् परत बसत नाई?"

डॉक्टरांना तुडूम माहीत नव्हता. इस्तारीनं त्यांना तो समजावून दिला. डॉक्टर म्हणाले, "असेल. असंच काहीतरी असेल." आणि त्यांनी ते कागदावर लिहिलं नाही, कारण तशी जागा नव्हती.

इस्तारीचा अंदाज डॉक्टरांच्या पुस्तकाच्या पुढं होता. आपल्या मेंदूत आणि कण्यात कोट्यवधी चेतापेशी आहेत. एकीचा निरोप दुसरीला पोचतो तो एका द्रव्याच्या थेंबानं. ते द्रव्य ग्लुटामेट. दुसऱ्या पेशीच्या अंगावर बारीक दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. ग्लुटामेट दारावर येऊन बसलं की दार उघडतं, बाहेरचं सोडियम आत शिरतं आणि पेशी जागी होते. निरोप पोचला. लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, ग्लुटामेट सुटतं. शेजारच्या राखणदार पेशी ते शोषून घेतात आणि दार लागतं. ग्लुटामेट हटलं नाही, तरी बरीच दारं थकून आपली आपण मिटतात. काही दारांच्या तोंडात तर मॅग्नेशियमचा खराखुरा डाट असतो. पेशी आधीच जागी झाली असेल तरच तो निघतो, आणि मग त्या वाटेनं कॅल्शियम आत येतं. शिकणं आणि लक्षात ठेवणं बरंचसं या डाटावर चालतं. पेशी दारांची संख्याही सांभाळते. निरोप फार येऊ लागले की काही दारं आत ओढून घेते, कमी पडले की आणखी बसवते. म्हणजे तिथं पाणकर आहे, आणि तो दिवसरात्र कामावर आहे.

लाखोळीतलं विष ग्लुटामेटसारखं दिसतं. इतकं, की दार फसतं आणि उघडतं. पण राखणदारांना ते ग्लुटामेटसारखं झटपट उचलता येत नाही. दार उघडं राहतं, पुन्हा पुन्हा उघडतं, सोडियम येतं, मागोमाग कॅल्शियम येतं, पेशी फुगते आणि आतून जळून मरते. थोडं विष असेल तर पाणकर निभावून नेतो. तीन वेळचं जेवणच ते असेल, तर पाणकराचा निभाव लागत नाही. मेंदूपासून कंबरेपर्यंत निरोप नेणारे सगळ्यांत लांब धागे आधी जातात. तेच का, हे अजूनही पुरतं कळलेलं नाही. ते गेले की पायाच्या स्नायूंना आवरणारं कोणी राहत नाही. स्नायू धडधाकट असतात. मुकादमाशिवाय राबत राहतात, एवढंच.

१९५९ च्या सुमारास दूर देशी एका प्रयोगशाळेत मांजराच्या कण्यातल्या पेशींवर ग्लुटामेट सोडून पाहिलं, तेव्हा पेशी पेटून उठतात असं दिसलं. लाखोळीतलं विष त्यानंतर पाच वर्षांनी हाती लागलं. सावरटोल्याला यातलं काही कळवण्यात आलं नाही.

डॉक्टरांना १९५६ च्या जूनमध्ये एवढंच सांगता आलं. "जे गेलं ते परत येणार नाही. खाणं थांबवलं तर आणखी जाणार नाही."

"आन् खाऊ काय?"

डॉक्टरांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं कागदाकडं पाहिलं.

"बरं, असं करा," डॉक्टर मनकर्णाला म्हणाले. "थांबवता येत नसेल, तर डाळ भरपूर पाण्यात उकळा. ते पाणी काढा. पुन्हा नवं पाणी घाला, पुन्हा उकळा. असं तीनदा. विष पाण्यात उतरतं. मग ती डाळ खा."

मनकर्णानं दुसऱ्या दिवसापासून ते सुरू केलं. सांगायला सोपं काम आहे. तीन उकळ्यांना रोजचे चार हंडे जादा लागत. विहीर अडीचशे पावलांवर. म्हणजे रोज दोन हजार पावलं जादा, त्यातली हजार डोक्यावर भरला हंडा घेऊन. सरपण दुप्पट. ते जंगलातून आणायचं, दर तिसऱ्या दिवशी एक मोळी. तिनं एकही दिवस चुकवला नाही. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून तिचे डोळे लाल झाले, तेव्हाही दोनावर थांबली नाही. इस्तारी म्हणे, "आज दोनदाच उकड." ती म्हणे, "डॉक्टरनं तीन सांगतलं."

आषाढ गेला, श्रावण सरत आला. पाऊस चांगला झाला, रोवणे झाले. इस्तारीनं वरचे डाट काढले आणि बसवले. पाय मात्र आखडतच गेले. एका काठीच्या दोन काठ्या झाल्या. पत्रूनं लाखोळी सोडून मामाकडं ब्रह्मपुरीला मुक्काम हलवला होता. त्याचे पाय होते तिथंच थांबले. इस्तारीचे थांबेनात. बापूजी भेटला की पायांकडं बघून "बरं हाय ना?" विचारी आणि उत्तर न ऐकता पुढं जाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. इस्तारीला पाहून ते खाली बसले.

"डाळ उकळत नाही का, बाई?"

"उकडतो ना. तीन पाण्यानं." गावात बायकाही बोलताना 'करतो, देतो'च म्हणतात. तिनं चूल दाखवली, हंडे दाखवले, मोळी दाखवली. डॉक्टरांनी शिजलेली डाळ चिमटीत घेऊन चाखली. चव नव्हती. म्हणजे काम बरोबर झालं होतं.

"दोघंही हीच खाता?"

"व्हय."

"तुमचे पाय बघू. चाला." ती चालली. बैलपोळ्याच्या बैलासारखी सरळ चालली.

डॉक्टर चक्रावले. मग त्यांनी विचारलं, "उकळलेलं पाणी कुठं टाकता?"

मनकर्णाला प्रश्न कळला नाही. "टाकते कोन?"

"मग काय करता?"

"फेकाले कसं, डॉक्टर? रांधलेलं पानी फेकत असतेत का? सारा जीव त्याच्यातच तं उतरते. तुमीच सांगतलं, उतरते म्हनून." तिनं इस्तारीकडं हात केला. "मी त्यात कनी घालून यायले पेज करून देतो. सकाळी गंजभर, सांजेले गंजभर. यायले पाळीवर चढाउतराचं काम. मले कायले लागते? मी डाळ खातो कोरडी."

कारकून लिहायचा थांबला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हळू सांगितलं, दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. ती पहिल्यांदाच भिंतीला टेकून खाली बसली होती. त्या गावात भाताचं पाणी फेकणारी बाई माजलेली समजतात. लेकराला, आजाऱ्याला, राबणाऱ्याला पहिलं ते पाणी देतात. चार हंडे, दोन हजार पावलं, दुप्पट सरपण. एवढ्या मेहनतीनं तिनं डाळीतलं विष वेगळं काढलं होतं आणि नवऱ्याला पाजलं होतं.

डॉक्टर गेल्यावर ती चुलीकडं गेली नाही. इस्तारी काठ्या टेकत तिच्यापाशी आला. बसणं त्याला सोपं नव्हतं. पाय पुढं लांब करून, भिंतीला पाठ घासत, तो हळूहळू खाली उतरला.

"मीच केलं," ती म्हणाली.

"वाढलं तू. पेलो तं मी."

"तुमाले का ठाऊक?"

"तुले तरी का ठाऊक?" तो म्हणाला. "पेज गरम राहे. पाऊस पडून राह्यला की चांगली लागे."

त्यावर ती रडली. तिला रडायला जेवढा वेळ लागला तेवढा तो बसून राहिला. तसंही त्याला एकट्यानं उठता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाणी उकिरड्यावर जाऊ लागलं. पाय होते तिथं थांबले. बरे झाले नाहीत. पण उद्या आजच्यासारखे असतील, हे कळल्यावर त्याला पुढचा हिशेब मांडता आला.

आश्विनात धान पोटरीत आला आणि पाऊस गेला. चौथ्या डाटातून येणारी धार आटली. बापूजीनं निरोप धाडला, उद्या पाचवा.

इस्तारीनं सांगितलं, उद्या नाही, तेरवा. दोन दिवस ऊन पडू दे. आणि सकाळी नाही, दुपारी. गार पाण्यात त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या होत. कोमट पाण्यात थोड्या ऐकत. कारण त्यानं कोणाला सांगितलं नाही. बापूजी म्हणाला, हा दिवस ढकलून राह्यला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अर्धा गाव पाळीवर जमला. पंच पळसाच्या सावलीत बसले.

"झिंगूले आंधी उतरू द्या," बापूजी म्हणाला. "टाइम कायले दवडता?"

झिंगूनं इस्तारीकडं पाहिलं. इस्तारी म्हणाला, "जाय. डाव्या अंगानं जाय, उजवीकडं दगड निसटला हाय."

झिंगू बुडाला. वर आला तेव्हा हातात गाळ होता. दुसऱ्यांदा बुडाला. डाट सापडला, पण निघाला नाही. ओढायला गेलं की त्याचे गुडघे वाकत, तळवे शेवाळ्यावरून सुटत आणि तो स्वतःच डाटाकडं ओढला जाई. तिसऱ्यांदा नाकातोंडात पाणी घेऊन तो पाळीला धरून खोकत राहिला. जोर दोन माणसांचा होता, पण टेकायला काही नव्हतं.

इस्तारीनं काठ्या मनकर्णाच्या हातात दिल्या. पाळीच्या उतारावरून तो बसून घसरत गेला. चार पावलांचं अंतर, वेळ बराच. कोणी हसलं नाही. पाण्यात शिरल्यावर मात्र तो एकदम हलका झाला. पाण्यात टाच टेकावी लागत नाही. दोन हात मारून तो तुडमाशी पोचला. दम घेतला. खाली गेला.

डाट कुठं आहे हे त्याचे हात जाणत होते. त्यानं दोन्ही तळवे दगडाला लावले आणि कंबरेतून मागं ताणलं. अशा वेळी पाय वाकून चालत नाहीत. त्याचे वाकणारच नव्हते. मांडीपासून अंगठ्यापर्यंत दोन्ही पाय सागाच्या वाशांसारखे ताठ राहिले. डाट हलला, कुरकुरला, निघाला.

पाळीच्या पलीकडं नळीतून पाण्याचा आवाज आला. सुकलू ओरडला, "आला! आला!"

मग इस्तारी वर आला, आणि अडकला. पाण्यातून पाळीवर चढायला गुडघा वाकावा लागतो. त्यानं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा झिंगू पाण्यात उतरला, त्याच्या काखेत हात घालून त्याला वर काढला आणि गवतावर निजवला. त्याचे पाय अजून ताठच होते आणि थरथरत होते.

पंचांत वाद पडला. एक म्हणाला, याच्यानं वर येववत नाही, हा कसला पाणकर? दुसरा म्हणाला, रीत डाट काढायची आहे, वर यायची कुठं सांगितली आहे? बापूजीच्या बांधीत तोवर पाणी शिरू लागलं होतं. त्यानं ते पाहिलं आणि त्याचं मत झालं.

"पाणकर इस्तारीच. झिंगू त्याले वर काढीन. झाला निकाल."

"नाई झाला," इस्तारी निजल्या निजल्या म्हणाला.

"आता का?"

"मले लाखोळी नाई पायजे. धान पायजे. झिंगूलेबी धान."

पाळीवर एकदम गलका झाला. पाणकराला धान? उरल्या ओलीचं पीक पाणकराचं, ही आजापणजापासूनची रीत. बापूजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"अरे, तुले धान देऊन आमी का लाखोळी खाऊ का?"

"खा ना," इस्तारी म्हणाला. "वाईट नाई लागत. पन पानी फेकून खा, आन् भातासंग थोडी खा. मी होळीपासून पोळ्यापावतर पानी न फेकता खाल्ली हाय, म्हनून सांगून राह्यलो."

बापूजीनं आधी इस्तारीच्या पायांकडं पाहिलं. मग उठताना स्वतःचा गुडघा एकदा वाकवून पाहिला, सरळ केला, पुन्हा वाकवून पाहिला. बाकीच्या चार पंचांनीही तसंच केलं. आणि पाणकराला किती पायल्या धान द्यायचा, ते ठरवायला सगळे पुन्हा सावलीत बसले.